५२४ मीटरची लाट मुंबईत का येणार नाही, आणि दोन मीटरची आली तेव्हा काय झालं

नेहमीसारखं, ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही किंवा ज्यांचं नेट पारसिकच्या बोगद्यात जातं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथं टाकतोय. बोलताना अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

आजचा विषय तुमच्यापैकीच एकानं दिला. ३० जुलै २०२५ ला रशियाच्या कामचाट्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि नेहमीप्रमाणे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांना भरती आली. त्यातला एक मेसेज मला पुढे पाठवून एका श्रोत्यानं विचारलं, "दादा, यात लिहिलंय की पाचशे मीटरची लाट येऊ शकते. मानपाड्यापर्यंत पाणी येईल का?"

आधी एक खुलासा. मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रोडवरचा मानपाडा आठवतो आणि डोंबिवलीकराला मानपाडा रोड. दोन्हीकडचे लोक हा पॉडकास्ट ऐकतात, त्यामुळे उत्तर दोघांसाठी देतो. आत्तापुरतं इतकंच, की पाचशे मीटरची लाट आपल्याकडे येणार नाही. पण "येणार नाही" म्हणून फोन खिशात टाकू नका. मुंबईत त्सुनामीनं माणसं मेलेली आहेत, आणि ती लाट आपल्या घराच्या छतापेक्षाही कमी उंचीची होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आज बघू.

आता तो पाचशेचा आकडा कुठून आला? तो खोटा नाहीये. अलास्कात लिटुया बे नावाची एक अरुंद, डोंगरांनी वेढलेली खाडी आहे. ९ जुलै १९५८ च्या रात्री तिथं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि खाडीच्या आतल्या टोकाचा कडा सुटला. सुमारे तीन कोटी घनमीटर दगड एकदम पाण्यात पडला. समोरच्या डोंगरावरची झाडं ५२४ मीटर उंचीपर्यंत साफ सोलून निघाली. ही उंची डोळ्यासमोर येत नसेल तर डोंबिवलीहून दिसणारा मलंगगड आठवा. त्याची उंची समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पाणी मलंगगडाच्या साधारण दोन तृतीयांश चढलं.

पण गंमत पुढे आहे. त्या रात्री त्याच खाडीत तीन छोट्या मासेमारी नौका नांगरून होत्या. एकीवर हॉवर्ड उलरिक आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा होता. लाटेनं त्यांची नौका उचलली आणि ते दोघं वाचले. दुसरी नौका खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून, झाडांच्या शेंड्यांवरून पलीकडे समुद्रात फेकली गेली. नौका बुडाली, पण तिच्यावरचं जोडपं वाचलं. तिसरी नौका मात्र तिच्यावरच्या दोघांसकट गेली.

५२४ मीटरच्या लाटेतून सात वर्षांचा मुलगा जिवंत कसा येतो? कारण ५२४ मीटर ही लाटेची उंची नव्हतीच. तो पाण्याचा चढाव होता. दगड पडला, समोर डोंगर होता, आणि पाणी त्या उतारावर जितकं वर फेकलं गेलं तो हा आकडा. बादलीत वरून वीट टाकली तर पाणी भिंतीवर छातीपर्यंत उडतं, पण म्हणून बादलीत छातीएवढी लाट उठली असं आपण म्हणत नाही. नौकांपर्यंत पोचेपर्यंत लाट काही दहा मीटरांवर आली होती. तीही भयंकरच म्हणा. पण पाचशे नाही. आणि खाडीबाहेर पॅसिफिकमध्ये गेल्यावर तर ती विरूनच गेली.

मेसेज बनवणारे हा फरक कधीच सांगत नाहीत, म्हणून जरा इथं थांबतो. भूकंपानं येणारी त्सुनामी आणि दरडीनं येणारी त्सुनामी या दोन वेगळ्या जातीच्या लाटा आहेत. मोठ्या भूकंपात समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांबीत थोडासा, म्हणजे काही मीटर, वर-खाली होतो. त्याच्यावरचं सगळं पाणी एकदम हलतं. उंची कमी, पण लाटेची लांबी शंभर-दोनशे किलोमीटर. अशी लाट दमत नाही, अख्खा महासागर ओलांडते. दरडीचं उलट असतं. जागा एक-दोन किलोमीटरची, पण तिथं पाणी प्रचंड उसळतं. लांबी कमी असल्यामुळे ती लाट पसरते, फाटते, लवकर मरते. थोडक्यात, उंच उडणारी लाट लांब जात नाही आणि लांब जाणारी उंच नसते. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतो.

या उंच जातीचं अगदी ताजं उदाहरण ग्रीनलंडचं. १६ सप्टेंबर २०२३ ला तिथल्या डिक्सन फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीनं कोरलेल्या खोल अरुंद खाडीत, डोंगराचा माथा कोसळला. अडीच कोटी घनमीटर दगड आणि बर्फ. पाणी दोनशे मीटर चढलं. माणूस तिथं कुणीच नव्हता. पण जगभरच्या भूकंपमापकांवर एक विचित्र सिग्नल दिसू लागला, दर ९२ सेकंदांनी एक ठोका, आणि तो चालला चक्क नऊ दिवस. पाणी त्या अरुंद खाडीत या भिंतीवरून त्या भिंतीवर हेलकावे खात होतं आणि पृथ्वी त्याच्याबरोबर बारीक थरथरत होती. शास्त्रज्ञांना हा उलगडा व्हायला वर्ष लागलं. माझ्यासारख्या, लॉग बघून बग शोधणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. नऊ दिवसांचा लॉग आणि कारण एक दरड!

तिथं दरड का पडली, तर खालची हिमनदी वितळून पातळ झाली आणि डोंगराचा टेकू गेला. म्हणजे या "दुर्मिळ" घटना यापुढे किती दुर्मिळ राहतील, हा प्रश्न अलास्का-ग्रीनलंडवाल्यांसाठी खरा आहे.

आपल्याकडे हिमनद्या नाहीत. पण डोंगर आणि पाणी शेजारी शेजारी आहेत, आपल्या सह्याद्रीतल्या धरणांच्या रूपानं. इटलीत व्हायोंट धरणावर ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री अख्खी डोंगरउतरण, सुमारे २७ कोटी घनमीटर, जलाशयात घसरली. पाणी धरणावरून उडी मारून खालच्या लोंगारोने गावावर पडलं. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. धरण मात्र आजही उभं आहे. ते फुटलंच नाही! हे वाचलं की आपल्याला माळीण आठवतं. ३० जुलै २०१४, डिंभे धरणाच्या परिसरातलं गाव, १५१ माणसं. किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी, मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला. मग सह्याद्रीत व्हायोंट होऊ शकतं का? माझं मत, या दोन दरडींवरून तसा निष्कर्ष काढू नये. व्हायोंटला चुनखडीचे थर जलाशयाच्या दिशेनं तिरपे होते आणि मधे चिकणमातीचा पातळ थर होता, त्यावरून डोंगर ताटातल्या वडीसारखा सरकला. आपला बेसॉल्ट बहुतेक ठिकाणी आडवा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. माळीणला आणि इर्शाळवाडीला मुसळधार पावसानं वरची माती आणि मुरमाड खडक वाहून आला. तिथं धोका लाटेचा नव्हताच, चिखलाचा होता, आणि तो पुरेसा भयानक होता.

बरं, आता समुद्राकडे जाऊ. उंच लाटेचं आणखी एक दुर्मिळ कारण म्हणजे ज्वालामुखी. आणि इथं आपल्या मुंबईचा थेट संबंध येतो.

२७ ऑगस्ट १८८३. इंडोनेशियात जावा आणि सुमात्रा यांच्या मधला क्राकाटोआ फुटला. बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला, तापलेल्या राखेचे लोट पाण्यात घुसले, आणि आजूबाजूच्या किनाऱ्यांवर तीस मीटरपेक्षा उंच पाणी चढलं. अधिकृत आकडा ३६ हजारांहून जास्त मृत्यूंचा. स्फोटाचा आवाज हजारो किलोमीटरवर ऐकू गेला आणि हवेच्या दाबाची लाट जगभरच्या बॅरोमीटरांनी पुन्हा पुन्हा टिपली.

त्याच आठवड्यात मुंबईच्या वर्तमानपत्रात बांद्र्याहून एक वर्णन छापून आलं. समुद्राला नेहमीसारखी भरती आली, आणि मग पाणी अचानक, प्रचंड जोरानं मागे गेलं. इतकं झटकन, की मासळीला मागे जायला वेळच मिळाला नाही. किनाऱ्यावर ताजे, मोठे मासे तडफडत पडलेले. लहान-थोर सगळे धावले गोळा करायला. गावातल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा असं कधी पाहिलं नव्हतं. आणि मग पाणी तितक्याच वेगानं परत आलं.

क्राकाटोआ ते बांद्रा अंतर साडेचार हजार किलोमीटर. तिथली तीस मीटरची लाट इथं पोचेपर्यंत मासे उघडे पाडण्याएवढी उरली होती. तरी पोचली! मला हा प्रसंग त्या ५२४ मीटरपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. कारण कल्पना करा, आज बँडस्टँडला समुद्र असा अर्धा किलोमीटर मागे गेला तर आपण काय करू? मासे कुणी उचलणार नाही, पण रील्स शंभर निघतील. सगळे आतल्या खडकांवर चालत जातील. त्सुनामीत पाणी आधी मागे जाणं ही निसर्गानं दिलेली घंटा असते, दरवेळी ती वाजतेच असं नाही, पण वाजली तर पुढची काही मिनिटं धावण्यासाठी असतात. २००४ मध्ये इंडोनेशिया-थायलंडपासून तमिळनाडूपर्यंत असंख्य लोक ते उघडं पडलेलं वाळवंट बघायला पुढे गेले होते.

आता खरी मोठी कारणं पटकन उरकतो, कारण ती मेसेजमध्ये हमखास असतात. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ जी उल्का पडली, तिनं उठवलेली लाट २०२२ मध्ये संगणकावर मांडून पाहिली गेली. सुरुवातीला दीड किलोमीटर उंच, आणि एकूण ऊर्जा २००४ च्या त्सुनामीच्या सुमारे तीस हजार पट. त्या काळात आपला भारत समुद्रात एकटा तरंगणारा तुकडा होता आणि दख्खनवर लाव्हा वाहत होता. तोच लाव्हा थिजून झालेला काळा दगड आपण आज मानपाड्यात पाया खणताना ब्रेकरनं फोडतो. मुंबईच्या समुद्रातही एक प्रचंड उल्काविवर आहे, त्याचं नाव "शिवा", असं शंकर चॅटर्जी या शास्त्रज्ञांनी मांडलं. हे नाव यूट्यूबवर फार चालतं. पण बहुतेक भूवैज्ञानिकांनी हा दावा मानलेला नाही, त्यामुळे त्यावर झोप उडवू नका.

त्यापेक्षा आपल्या अरबी समुद्रातली एक खरी गोष्ट ऐका, जी कुठल्याच मेसेजमध्ये नसते. सुमारे एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाचा एक अवाढव्य भाग सुटला आणि खोल समुद्रात शेकडो किलोमीटर घसरत गेला. त्याला "नटराज" दरड असं नाव दिलंय. आकारमान सुमारे १९ हजार घन किलोमीटर. लिटुयाचे ते तीन कोटी घनमीटर म्हणजे ०.०३ घन किलोमीटर, आता तुम्हीच भागाकार करा. नॉर्वेजवळची स्टोरेगा नावाची प्रसिद्ध दरड, जिच्या त्सुनामीची वाळू आजही स्कॉटलंडच्या मातीत सापडते, ती साधारण तीन हजार घन किलोमीटरची. आपली नटराज तिच्या सहापट. २०१५ मध्ये जॉइडस रेझोल्यूशन या जहाजानं मुंबईच्या पश्चिमेला खोल समुद्रात भोकं पाडून या दरडीचा गाळ प्रत्यक्ष वर काढला. त्या मोहिमेचं नेतृत्व करणाऱ्या दोघांपैकी एक होते गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. हा माल एका दमात घसरला असेल तर वर राक्षसी लाट उठली असणार, टप्प्याटप्प्यानं घसरला असेल तर त्या मानानं छोटी. अशा घटना लाखो-कोटी वर्षांत एकदा होतात. आपल्या होम लोनच्या मुदतीत याची चिंता करण्यात अर्थ नाही.

म्हणजे उरलं काय? उरला भूकंप. आणि आपल्या भूकंपाचं नाव मकरान.

पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्याला मकरान म्हणतात. तिथं अरबी समुद्राचा तळ आशियाच्या खाली सरकतोय. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी तिथं ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास लाट मुंबईला लागली. उंची सुमारे दोन मीटर. वर्सोवा, जुहू, दांडा, हाजी अली इथं पाणी घुसलं, होड्या तुटल्या, आणि मुंबईत १५ माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. भारतीय हवामान खात्याच्या पेंडसे यांनी त्या भूकंपाचा अहवाल पुढच्याच वर्षी लिहिला, आजही या विषयावरचा प्रत्येक अभ्यास तिथूनच सुरू होतो.

३:२६ ते ८:१५. हे आकडे पाहिल्यावर माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. त्सुनामीचा वेग काढायला एकच सोपं सूत्र लागतं, बारावीच्या पोरालाही जमेल. पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या, तिला ९.८ नं गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर मीटर प्रति सेकंद. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

मकरानपासून मुंबई साधारण बाराशे किलोमीटर. त्यातले पहिले नऊशे खोल समुद्रात. खोली तीन हजार मीटर धरली तर वेग येतो १७१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. विमानाच्या जवळपास! हे नऊशे किलोमीटर दीड तासात संपतात. पण मुंबईसमोर समुद्राचा तळ तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. जिथं आपल्या तेलविहिरी आहेत त्या मुंबई हायला पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास आहे. तिथं सूत्र वेग देतं ताशी ९८ किलोमीटर. म्हणजे रिकाम्या एक्स्प्रेसवेवरच्या गाडीइतका. उरलेल्या तीनशे किलोमीटरला तीन तास. बेरीज साडेचार तास. आणि प्रत्यक्षात लागले पावणेपाच. किनाऱ्याजवळ पाणी आणखी उथळ होतं, तिथं ती थोडी आणखी रेंगाळली. बसल्या जागी केलेला हिशोब इतका जुळला की मी दोनदा तपासला.

हा उथळ पट्टा म्हणजे आपल्याला मिळालेली मोठी भेट आहे. तो वेळ देतो, आणि तळाशी घासून लाटेची थोडी ताकदही खातो. पण त्याची दुसरी बाजू पण आहे. लाटेचं पुढचं टोक मंदावतं आणि मागचं पाणी अजून वेगात येत असतं. गायमुखच्या घाटात किंवा शिळफाट्याला पुढची गाडी थांबली की मागे कशी रांग दाटते, तसं पाणी दाटतं आणि उंची वाढते. शिवाय ही दोन मीटरची "लाट" म्हणजे जुहूला फेसाळत फुटणारी लाट नव्हे. ती पाच-दहा सेकंदात संपते. त्सुनामीचं पाणी दहा-पंधरा मिनिटं आत येतच राहतं. अख्ख्या समुद्राची पातळी दोन मीटर वर आली आणि ती नदीसारखी गल्लीत शिरली, असं समजा. गुडघाभर पाणी त्या वेगात आलं तरी पाय सुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मला कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत सापडला नाही कारण त्यांचे समुद्र वेगळे आहेत. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखांची यादीच काढते. म्हणजे काय झालं बघा. दोन मीटरची त्सुनामी पूर्ण ओहोटीच्या वेळी आली, तर ती रोजच्या भरतीची रेषासुद्धा ओलांडणार नाही. वाळूवर असलेले लोक आणि होड्या सापडतील, वस्तीला कदाचित कळणारही नाही. तीच लाट उधाणाच्या भरतीवर आली तर पाणी अशा उंचीवर जाईल जिथं मुंबईनं समुद्र कधी पाहिलेला नाही. लाट तीच, फक्त सहा तासांचा फरक. कोळीवाड्यातल्या कुणालाही उधाण आणि भांग यातला फरक विचारा, तो तिथी सांगून मोकळा होईल. उरलेल्या मुंबईला आज भरती किती वाजता आहे हेही माहीत नसतं.

आणि आता ते अपवाद. १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर पस्नी गावाला मोठी लाट भूकंपानंतर लगेच नाही, तर बऱ्याच उशिरानं आली. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तुटल्या होत्या. त्यावरून बऱ्याच संशोधकांना वाटतं की भूकंपानं समुद्राच्या तळावर दरड पडली आणि तिनं वेगळी लाट उठवली. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात, समुद्रापासून आत जमिनीवर, ७.७ चा भूकंप झाला, तरी समोर ओमानच्या किनाऱ्यावर पाणी साधारण मीटरभर हललं. ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचं एक बेट वर आलं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. जमिनीवरच्या भूकंपानं त्सुनामी यायला नको, पण आली. तिथंही समुद्राखालच्या दरडीवर संशय आहे.

इथं आपल्या इशारायंत्रणेचा प्रश्न येतो. हैदराबादला इन्कॉइस ही संस्था आहे, २००४ नंतर उभारलेलं भारताचं त्सुनामी इशारा केंद्र तिथं ऑक्टोबर २००७ पासून चालतं. त्यांची पद्धत मला आमच्या धंद्यासारखी वाटते. भूकंप झाल्यावर गणित करत बसायला वेळ नसतो, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या हजारो काल्पनिक भूकंपांची उत्तरं आधीच काढून साठवून ठेवलीत. आमच्या भाषेत कॅशे! खरा भूकंप झाला की काही मिनिटांत जवळचं उत्तर उचलायचं, मग समुद्रातले बॉय आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक काय सांगतात त्यावरून ते तपासायचं.

पण या सगळ्याची सुरुवात होते भूकंपानं. सर्व्हरवर फक्त सीपीयूचा अलर्ट लावला आणि डिस्क भरून सिस्टिम पडली, तर तुमचा अलर्ट वाजणार नाही. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियात अगदी हेच झालं. अनाक क्राकाटाऊचा, म्हणजे १८८३ च्या जागेवर वाढलेल्या पोरक्राकाटोआचा, एक उतार समुद्रात घसरला. मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळे सायरन वाजलाच नाही. किनाऱ्यावर एका बँडचा कार्यक्रम चालू होता आणि स्टेजच्या मागून पाणी आलं. चारशेहून जास्त माणसं गेली. ही दुर्मिळ कारणं आकड्यांत दुर्मिळ आहेत, पण यंत्रणेच्या फटीतून नेमकी तीच निसटतात. मुंबईच्या बाबतीत दिलासा हा, की आपल्या दाराशी ज्वालामुखी नाही आणि मकरानहून निघालेल्या कुठल्याही लाटेला आधी इतर किनाऱ्यांवरचे आणि गुजरातचे भरतीमापक दिसतात. वेळ मिळतो. तो वेळ जुहू चौपाटीवर रविवारी संध्याकाळी जमलेल्या गर्दीपर्यंत कसा पोचतो, ती माझ्या मते खरी चाचणी आहे.

आता मानपाडा. घोडबंदरवाल्यांनो, तुमच्या मागे येऊरचे डोंगर आणि पुढे वसईची खाडी. डोंबिवलीवाल्यांनो, तीच खाडी तुमच्याकडे रेतीबंदर आणि मोठागावाला येते. दोन मीटरची लाट वसईच्या तोंडातून आत शिरली तर वळणं, गाळ, उथळ तळ आणि खारफुटी तिला पावलोपावली खातात. खाडीकाठी होड्या हलतील, रेतीबंदरावर पाणी विचित्र वागेल, तेव्हा काठावरून लांब व्हा. मानपाड्याच्या बिल्डिंगपर्यंत समुद्र येत नाही. आपल्याकडे पाणी येतं ते वरून. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीनं ते दाखवलंय. खाडीकाठची खारफुटी भरणी टाकून संपवली जाते तेव्हा त्या वरच्या पाण्याचाही निचरा अडतो आणि खालच्या लाटेचा अडसरही जातो, हे मात्र लक्षात असू द्या.

पण आपण मानपाड्यात फक्त झोपायला असतो, हेही खरंच आहे. ऑफिस मुंबईत, रविवार वर्सोव्याला, लॉन्ग वीकेंड अलिबाग-गुहागर-तारकर्लीला. तेव्हा फोनमध्ये दोन ॲप टाकून ठेवा. एक इन्कॉइसचं "समुद्र", त्यात त्सुनामीबरोबर उंच लाटांचे इशारेही येतात. दुसरं "सचेत", राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. किनाऱ्यावर असताना पाणी अवेळी मागे गेलेलं दिसलं, किंवा जमीन बराच वेळ हलली, तर ॲप उघडत बसू नका, चढावर किंवा पक्क्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जा. आणि पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नका. लाटा तासन् तास येत राहतात, आणि बऱ्याचदा पहिली सगळ्यात मोठी नसते.

तो पाचशे मीटरवाला मेसेज पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, "कुठल्या डोंगरावर चढली रे?" पुढच्या भागात भरती-ओहोटीचं तिथीशी गणित, ज्याबद्दल आज तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच आहात.